परभणीहून ट्रॉम्सो, भर जानेवारीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघी मैत्रिणी 2025 च्या जानेवारीत नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला आणि तिथून पुढे स्वीडनमधल्या अबिस्को, किरुनाला जाऊन आलो. मी परभणीत तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. मैत्रीण बँकेतून निवृत्त झाली. दोघींचीही साठी जवळ आलेली. परत आल्यापासून हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, भाजी घेताना कोणी ना कोणी थांबवून विचारतंच. ज्यांना खरोखर जायचं आहे त्यांच्यासाठी सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते.

एवढ्या थंडीत कामून गेलात? उन्हाळ्यात का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो. उन्हाळ्यात तिथे मध्यरात्रीही सूर्य असतो, हिरवळ असते, हिंडणं सोपं असतं. पण ऊन आपल्याला परभणीत मे महिन्यात पोटभर मिळतं.

माझं कारण वर्गातलं आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, म्हणून 66 अंश 33 मिनिटांच्या पुढे वर्षातून निदान एक दिवस सूर्य उगवत नाही, हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर गोळा काढून सांगितलं. दरवर्षी कोणीतरी पोरगं विचारायचंच, "मॅडम, मग तिथं शाळा भरते का?" मी "भरते" म्हणायचे. ते बरोबर होतं, पण मी पाहिलेलं नव्हतं. सूर्य नसलेलं गाव आणि त्या गावात सूर्य परत येतो तो दिवस, हे दोन्ही मला बघायचं होतं. मैत्रिणीला तिथल्या रात्रीच्या आकाशातला हिरवा ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, बघायचा होता. दोघींची कारणं वेगळी असली तरी महिना एकच निघाला.

तिथे चोवीस तास काळाकुट्ट अंधार असतो का?

नाही. ट्रॉम्सो साधारण 69.6 अंश उत्तरेला आहे. नोव्हेंबरच्या 27 तारखेच्या आसपास सूर्य क्षितिजाखाली जातो आणि जानेवारीच्या 15 तारखेच्या सुमारास गणिताने वर येतो. पण दक्षिणेला डोंगर आडवे आहेत, म्हणून गावातून तो 21 जानेवारीपर्यंत दिसत नाही. या काळाला ते 'मर्केतीद' म्हणतात, म्हणजे अंधाराचा काळ.

आणि तरीही दुपार असते. आम्ही होतो तेव्हा सकाळी नऊच्या पुढे आकाश उजळायला लागायचं. आधी गडद निळं, मग फिकट, दक्षिणेला गुलाबी कड, आणि तीन वाजता पुन्हा निळं. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटं जो संधिप्रकाश असतो, तो तिथे तासन्‌तास टिकतो, कारण सूर्य क्षितिजाला समांतर सरकत राहतो. खाली बर्फ असल्यामुळे तो थोडा उजेडही सगळीकडे पसरतो. अंधाराला घाबरून कोणी बेत रद्द करणार असेल तर करू नका. हा निळा उजेड मला त्या हिरव्या प्रकाशापेक्षा जास्त आवडला.

थंडी किती? आपल्याला सोसवेल का?

परभणीकरांना थंडी नवी नाही. मराठवाड्यात सगळ्यांत खाली पारा उतरतो तो बहुधा आमच्याच कृषी विद्यापीठाच्या आवारात. ट्रॉम्सो मात्र अक्षांशाच्या मानाने उबदार आहे. अटलांटिकमधला गरम प्रवाह त्या किनाऱ्याला लागून वर जातो, त्यामुळे तिथलं बंदर गोठत नाही आणि जानेवारीतली सरासरी उणे तीन-चार अंशांच्या आसपास असते. उष्ण प्रवाहाचा हा धडा तिथे धक्क्यावर उभं राहिलं की एका मिनिटात कळतो.

समुद्रापासून आत गेलात की गोष्ट बदलते. नॉर्वेतलं सर्वांत कमी नोंदलेलं तापमान आतल्या कारास्योकचं आहे, 1 जानेवारी 1886 रोजी उणे 51.4 अंश. आम्हाला किरुनात उणे बावीस लागलं. श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात, हे तिथे पहिल्यांदा कळलं.

कपडे काय न्यावेत? साडी चालते का?

साडी आत, घरात, जेवताना चालते. बाहेर नाही. मी आयुष्यभर साडीच नेसले, तरी तिथे पँटच घातली आणि तुम्हीही घाला. ओला काठ गोठतो आणि पाय अडकतो.

अंगाला लोकरीचा पातळ थर, त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस, आणि वर वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन, सुती मोजे घालू नका. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम गारठवतो. बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे मोज्यांच्या दोन जोड्यांत बोटं हलतील. सगळ्यांत महत्त्वाचे बुटांना खालून लावायचे काटे. ते तिथल्या दुकानात मिळतात आणि पोचल्याबरोबर घ्या, कारण रस्त्यावरचा बर्फ काचेसारखा घट्ट झालेला असतो. तिथली माणसं जाकिटाला चमकणाऱ्या पट्ट्याही लटकवतात, गाडीवाल्याला अंधारात दिसावं म्हणून. आम्हीही लावल्या.

खोबरेल तेलाची बाटली नेऊ नका, उघडेपर्यंत दगड होते. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बाहेर धरला की बॅटरी झपाट्याने उतरते. कॅमेरा बाहेरून खोलीत आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर काचेवर पाणी जमतं.

आणखी एक. आमची एक बॅग विमान कंपनीकडून एक दिवस उशिरा आली, नेमकी गरम कपड्यांची. म्हणून लोकरीचा एक थर, टोपी, हातमोजे आणि गोळ्या-औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा.

व्हिसाचं काय?

शेंगेन व्हिसा लागतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्ही एकाच व्हिसावर होतात. जिथे जास्त रात्री राहणार, त्या देशाकडे अर्ज करायचा. सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण मराठवाड्यातून मुंबईच्या खेपा धरल्या तर दोन-तीन महिने आधीच कामाला लागा. जून 2024 पासून फी 90 युरो झाली आहे, व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. निवृत्त माणसांनी पेन्शनचे कागद आणि बँकेचं सहा महिन्यांचं विवरण नीट लावून न्यावं. मैत्रिणीने ती फाईल अशी लावली होती की खिडकीवरच्या मुलीने एकही कागद परत मागितला नाही.

परभणीहून जायचं कसं?

संक्रांतीच्या दिवशी वाणवसा उरकून संध्याकाळी निघालो, रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई. तिथून रात्रीचं विमान जर्मनीला. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे त्या विमानतळावर उतरल्यावर दोघींनाही भरून आलं. शेंगेनमधला तो पहिला देश, म्हणून पासपोर्टची तपासणी तिथेच होते. पुढच्या विमानाच्या आधी निदान तीन तास मोकळे ठेवा. मग ऑस्लो, आणि तिथून साधारण दोन तासांत ट्रॉम्सो. सामान ऑस्लोला हाती घ्यायचं की थेट पुढे जाणार, हे चेक-इनलाच विचारून घ्या.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

किराणा दुकानात ब्रेड, चीज, दही, फळं, डाळी, भात सगळं मिळतं. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती, म्हणून प्रश्न मिटला. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

नेताना एक नियम पाळा. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खवा, तूप घरीच ठेवा. दशम्या आपण दुधात भिजवतो, म्हणून मी त्याही नेल्या नाहीत. ज्वारीचे धपाटे पाण्यात मळून नेले, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, येसर आणि एक डबा तिळगूळ. धपाटे थंडीमुळे आठ दिवस चांगले राहिले. येसराची आमटी आणि भात, खिडकीबाहेर बर्फ पडतोय, यापेक्षा चांगलं जेवण मला त्या प्रवासात मिळालं नाही.

खर्च किती आला?

माणशी तीन लाखांच्या आतबाहेर. नॉर्वे महाग आहे. आम्ही गेलो तेव्हा एक क्रोन साधारण साडेसात-आठ रुपयांना पडत होता, आणि एक कप कॉफी चाळीस-पन्नास क्रोन. रोख पैसे जवळपास कुठेच लागले नाहीत, सगळं कार्डावर.

मैत्रिणीबरोबर जावं का? भांडणं होत नाहीत का?

होतात. मी या उत्तराला जास्त जागा देते, कारण व्हिसा-कपडे कोणीही सांगेल.

आमची मैत्री चाळीस वर्षांची, कॉलेजच्या होस्टेलपासूनची. तरीही एका खोलीत तेरा दिवस सलग आम्ही कधी राहिलो नव्हतो. सूर्य नसला की शरीर गोंधळतं. मला पहाटे तीनला जाग यायची, तिला दुपारी चारला झोप. तिसऱ्या दिवशी मी सकाळी दिवा लावला आणि ती उठून बसली, "काय करायलीस गं तू? माणसाला झोपू दे की!" मग दिवसभर दोघी गप्प. बाहेर अंधार आणि आत अबोला हे फार जड जातं, खरंच सांगते.

संध्याकाळी तिने चहा केला आणि वही काढली. ती बँकेतली, तिला सगळं वहीत लागतं. खर्चाच्या पानाच्या मागे तिने लिहिलं: दिवा कधी, बोलणं कधी, कोणती रात्र कोणाची. ज्या रात्री मला बाहेर जायचं आणि तिला नाही, त्या रात्री मी एकटी जाणार आणि ती जागी राहून दर तासाला फोन करणार. ज्या रात्री तिला जायचं, त्या रात्री मी कुरकुर न करता सोबत. हे लिहिल्यावर पुढचे दहा दिवस सुखाचे गेले.

पैशांचं म्हणाल तर दोघींनी सारखे पैसे एका कार्डावर टाकले आणि सगळा सामायिक खर्च त्यातूनच केला. कोणी काय खाल्लं याचा हिशेब ठेवला नाही. पैशांबद्दल जे बोलायचं ते परभणीत, निघण्याआधी बोलून घ्या.

आणि ज्या माणसाबरोबर तुम्ही अर्धा तास न बोलता बसू शकता, त्याच्याचबरोबर जा. उणे दहात, रात्री बारा वाजता, आकाशाकडे बघत उभं राहायचं असतं. तिथे सतत बोलणारं माणूस नको असतं. माझी मैत्रीण परभणीत खूप बोलते. तिथे ती माझ्या कोटाची बाही धरून उभी राहायची, बस.

तो हिरवा प्रकाश दिसला का? हमखास दिसतो का?

सात रात्रींपैकी तीन रात्री दिसला. हमखास म्हणणाऱ्या कोणावरही विश्वास ठेवू नका.

सूर्याकडून विद्युतभारित कण सतत येत असतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना ध्रुवांच्या भोवतीच्या एका कड्याकडे वळवतं, आणि तिथे ते वातावरणातल्या वायूंवर आदळतात. 100 ते 150 किलोमीटर उंचीवर ऑक्सिजन हिरवा उजळतो, 200 किलोमीटरच्या वर तांबडा. ट्रॉम्सो त्या कड्याच्या बरोबर खाली येतं. नॉर्वेच्याच क्रिस्तियान बिर्कलांड यांनी निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून, त्यावर विजेचे कण सोडून हा प्रकाश प्रयोगशाळेत तयार करून दाखवला होता. आल्ताजवळच्या हाल्डे डोंगरावर 1899 साली वेधशाळा उभी राहिली तीही याच अभ्यासासाठी. सूर्याची ही खळबळ अकरा वर्षांच्या चक्राने वाढते-उतरते. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नासाने ती कमाल टप्प्यावर असल्याचं जाहीर केलं होतं, त्याचा आम्हाला फायदा झाला.

खरा शत्रू ढग. ट्रॉम्सो समुद्रावर असल्यामुळे ढग फार. म्हणून मिनीबसवाले निरभ्र आकाश शोधत तुम्हाला कधी फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतात. सहा-आठ तास जातात, हजार ते दोन हजार क्रोन लागतात, पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. एक रात्र तसं जा, बाकीच्या रात्री गावाबाहेर दिव्यांपासून दूर नुसतं उभं राहा.

डोळ्यांना तो सुरुवातीला राखाडी, पातळ ढगासारखा दिसतो. फोटोत जास्त हिरवा येतो. हे आधी माहीत असलं की निराशा होत नाही. दुसऱ्या वेळी मात्र तो पडदा हलायला लागला आणि खालची कड गुलाबी झाली. मैत्रिणीने तेव्हा हात जोडले.

लडाखलाही दिसतो म्हणे, मग एवढं लांब कशाला?

10 मे 2024 च्या रात्री मोठं सौरवादळ आलं होतं, तेव्हा हानलेच्या वेधशाळेतून तांबडा उजेड टिपला गेला, हे खरं आहे. इतक्या दक्षिणेतून त्या प्रकाशाचा फक्त सर्वांत वरचा, तांबडा भाग क्षितिजावर दिसतो, आणि तोही अशा दुर्मीळ वादळातच. हानलेला ताऱ्यांसाठी जा. यासाठी नको.

ध्रुवतारा तिथे डोक्यावर असतो का?

जवळपास. हा प्रश्न माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला, त्याचा मला फार आनंद झाला. आपला अक्षांश जेवढा, तेवढ्या अंशांवर ध्रुव. परभणीत तो उत्तरेला साधारण 19 अंशांवर, म्हणजे समोरच्या गच्चीच्या थोडा वर. लग्नात नवरानवरीला दाखवतात तेव्हा निम्म्या वेळा लिंबाच्या झाडाआड असतो. ट्रॉम्सोत मान पूर्ण मागे टाकावी लागते.

संकष्टी, नमाज, हे कसं सांभाळायचं?

मैत्रिणीची 17 तारखेची संकष्टी तिथेच आली. आपल्या कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ तिथे चालत नाही, ट्रॉम्सोची बघावी लागते. हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास तर चंद्र तिथे काही दिवस मावळतच नाही. शेजारच्या भाभींनी नमाजचं विचारलं होतं: तिथले काही मुसलमान लोक या दिवसांत मक्केच्या वेळा धरतात.

अबिस्को, किरुना कशासाठी?

अबिस्कोच्या पश्चिमेचे डोंगर ढग अडवतात, म्हणून तिथे आकाश जास्त मोकळं. आपल्या भाषेत पर्जन्यछायेचा प्रदेश; बालाघाटाच्या मुलखातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ट्रॉम्सोहून बसने चार तासांत नार्विक, तिथून रेल्वे. ही रेल्वे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किरुनाचं लोहखनिज नार्विकच्या न गोठणाऱ्या बंदरात नेण्यासाठी बांधली. खनिजाच्या लांबच लांब गाड्या अजूनही जातात.

किरुनाबद्दल मात्र सांगायलाच हवं. खालच्या खाणीमुळे जमीन खचते आहे, म्हणून अख्खं गावच हलवत आहेत. नवा मध्यभाग सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला उभा राहिला आहे. आम्ही जुन्या भागात फिरलो तेव्हा कुंपण घातलेली रिकामी जागा होती, बर्फाने झाकलेली. मैत्रीण तिथे खूप वेळ थांबली. तिचं माहेर नाथसागरात गेलेलं. पैठणचं धरण झालं तेव्हा ती लहान होती, आणि पाणी ओसरलं की देवळाचा जोता दिसायचा म्हणून तिचे वडील उन्हाळ्यात बघायला जायचे. ती एवढंच म्हणाली, "इथं निदान देऊळ तरी उचलून नेतील का गं?" आम्ही परतल्यावर, 2025 च्या ऑगस्टमध्ये, तिथलं 1912 चं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर ठेवून पाच किलोमीटर नेलं. तिने मला रात्री तो व्हिडिओ पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

तिथली मूळची माणसं कोण?

सामी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात त्यांची वस्ती आहे. मी वर्गात वर्षानुवर्षं 'लॅप लोक' असं शिकवलं. तो शब्द त्यांना अपमानाचा वाटतो, त्यांचं स्वतःचं नाव सामी आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मुलांना माझं हे सांगणं आहे: वहीत खोडून दुरुस्त करा.

रेनडियर पाळणाऱ्या घरी गेलात तर "तुमच्याकडे किती रेनडियर?" असं विचारू नका. ते बँकेत किती पैसे आहेत असं विचारण्यासारखं आहे. आपल्याकडे पहिल्या भेटीत "किती एकर?" विचारतात, ती सवय इथेच ठेवून जा.

वय साठ, गुडघे दुखतात. जमेल का? पडलो तर?

चालता येत असेल तर जमेल. थंडीपेक्षा घसरण्याची भीती मोठी. पावलं छोटी, हात खिशाबाहेर, काटे लावलेले. रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून घ्या. नॉर्वेत रुग्णवाहिकेचा नंबर 113, स्वीडनमध्ये 112.

मग सूर्य परत येताना दिसला का?

21 जानेवारीला तिथे 'सूर्याचा दिवस' मानतात. बेकरीत आत जॅम भरलेले गोल पाव मिळतात, त्यांना सूर्याचे पाव म्हणतात. आम्ही सकाळीच रांगेत उभ्या राहिलो. पण दिवसभर ढग होते.

दुसऱ्या दिवशी आभाळ फुटलं. बेटाच्या मध्ये, टेकडीवर एक तळं आहे, हिवाळ्यात गोठलेलं. लोक त्यावरून स्की करतात. साडेअकराला तिथे पोचलो. एक बालवाडीची बाई दहा-बारा पोरांना घेऊन आली होती, सगळ्यांच्या अंगावर चमकणाऱ्या पट्ट्या. बाराच्या सुमारास दक्षिणेच्या डोंगराची एक खाच पेटल्यासारखी झाली आणि तिथून कड वर आली, पूर्ण गोळा नव्हेच. बर्फावर आमची सावली पडली, लांबच लांब. तेव्हा लक्षात आलं की सहा दिवसांत आपली सावली पाहिलीच नव्हती.

पोरं ओरडायला लागली. मैत्रिणीने पिशवीतून तिळगुळाचा डबा काढला. बाईंना आधी विचारलं, त्यात तीळ आणि गूळ आहे हे सांगितलं, मग एकेकाच्या हातमोज्यावर एक-एक ठेवला. गोड बोला हे नॉर्वेजियनमध्ये कसं म्हणायचं ते आम्हाला येत नव्हतं, म्हणून मराठीतच म्हणालो. पाच-सहा मिनिटांत सूर्य पुन्हा डोंगराआड गेला. पोरं तरी तिथेच उभी होती, तोंडात तीळ चावत.